निवडक आणि समग्र

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक जुनी तबकडी वाजली आणि तिने आमच्या मनाला जो चटका लावला, तो आपल्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

आमची नात बारावीत शिकते. सुट्टीत ती सुलतान बाजारातील आमच्या माडीवर मुक्कामाला येते. या खेपेस कपाट आवरताना तिच्या हाती 'द बेस्ट ऑफ शक्ती' ही १९९४ साली निघालेली निवडक रचनांची तबकडी लागली. नाव वाचून तिला ती देवीच्या स्तोत्रांची वाटली!

'शक्ती'चा प्रपंच थोडक्यात असा. जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्लंडचे गिटारवादक. 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या वृंदात विजेच्या गिटारीवर रॉक आणि जॅझ यांची सांगड घालून त्यांनी नाव मिळविले होते. तो गडगडाट बाजूला सारून ते मुंबईचे झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक टी. एच. विनायकराम यांच्यासह बैठकीवर येऊन बसले. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या एका महाविद्यालयात झालेल्या त्यांच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये निघाली. त्याच वर्षी दुसरी आणि १९७७ मध्ये तिसरी निघाली, आणि मग मंडळी पांगली. त्या तिन्हींतले वेचे म्हणजे ही तबकडी.

उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घट एका पंक्तीत बसले, याचे आम्हा हैदराबादकरांना नवल वाटू नये. आमचा सुलतान बाजार एके काळी रेसिडेन्सी बाजार होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि त्याचे नाव पालटले. येथेच १९०१ पासून तेलुगू ग्रंथांचे आंध्र भाषा निलयम उभे आहे, जवळच १९०७ साली निघालेली आपली विवेकवर्धिनी आहे, आणि दुकानाच्या पायरीवर घासाघीस चालते ती दखनीतून. सरमिसळ हा आमचा नित्याचा श्वास आहे.

परंतु 'शक्ती'ची सरमिसळ पोकळ का वाटत नाही? झाकिर यांच्यामागे पिता अल्लारखाँ यांची तालीम होती. शंकर आणि विनायकराम यांनाही विद्या मिळाली ती आपापल्या वडिलांकडूनच. मॅक्लॉफ्लिन तर परके. पण तेही वीणा शिकायला एस. रामनाथन यांच्यापुढे बसले. पुढे त्यांनी अशी गिटार घडवून घेतली, की जिच्या पोटावरून सात जादा तारा आडव्या गेल्या होत्या आणि जिच्या पट्टीवरील पडद्यांमधली लाकडी जागा कोरून खोलगट केली होती, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी. प्रत्येकाने आपले समग्र आणले होते. म्हणून एकत्र येताना कोणी विरघळून गेला नाही.

नातीला तबकडी आवडली. तेव्हा आम्ही तिला पहिली मूळ ध्वनिमुद्रिका ऐकविली. तीत एक रचना जवळजवळ एकोणतीस मिनिटांची आहे. पाच मिनिटांनी तिचा हात फोनकडे गेला. पंधराव्या मिनिटाला फोन पालथा पडला होता. संपल्यावर ती म्हणाली, "आजोबा, आधी वाटलं काहीच होत नाहीये. पण त्याच्यामुळेच शेवट एवढा भारी वाटला ना?" आम्ही मान डोलावली. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर गेले, हे सांगताना आमचा आवाज जरा जड झाला.

त्याच रात्रीची गोष्ट. पोरीचा चेहरा उतरलेला पाहून तिच्या आजीने विचारले, "बाळ, काय झालं गं?" पोर बोलायला लागली, दोन शब्दांवर अडली, इंग्रजीकडे वळली, आजीच्या डोळ्यांतला गोंधळ पाहून थांबली आणि म्हणाली, "काही नाही."

ते 'काही नाही' आम्हाला झोपू देईना. या मुलीला गणपतीच्या साऱ्या आरत्या पाठ आहेत, संक्रांतीला तिळगूळ देताना काय म्हणावे ते ठाऊक आहे, पुरणपोळीचे कौतुक तिला शुद्ध मराठीत करता येते. पण मनातली कळ सांगण्यापुरती मराठी तिच्यापाशी नाही. तो दोष तिचा कसा? आम्हीच तिला आपल्या भाषेची निवडक तबकडी दिली: सण, आरत्या, पक्वान्ने. ज्या संथ, कंटाळवाण्या, रोजच्या बोलण्यातून दुःखाला शब्द मिळतात, ते आम्ही वेळ नाही म्हणून गाळले. निवडक हे दार आहे, आणि दार असावेच. पण आम्ही तिला उंबरठ्यावरच उभे ठेवले आणि आत घर आहे हे सांगायचे विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने मेथीची जुडी घेऊन तिला शेजारी बसविले. एक जुडी निवडायला चांगला अर्धा तास लागतो. पोर बोलत होती. अर्धे मराठी, थोडे दखनी, बाकी इंग्रजी. आजीने एकदाही चूक सुधारली नाही, हात चालवीत ती नुसती "मग?" म्हणत राहिली.

आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो होतो. पान मात्र उलटले नाही.