गाणें कधीं वाजवणार?

गेल्या वर्षीं 29 जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकांतील बीटिंग रिट्रीट पाहून, छत्रपति संभाजीनगरांतील आमच्या औरंगपुऱ्याच्या घरीं एका चिरंजीवांनीं बॅगपाइप शिकण्याचा हट्ट धरला. स्कॉटिश पलटणींबरोबर आपल्याकडे आलेलें हें वाद्य इंग्रज गेल्यावरहि आपल्या पायदळानें टाकलें नाहीं. छावणीकडे राहणारे एक निवृत्त सुभेदार गुरु लाभले. आरंभीं पिशवी नसते. नुसती सरावाची नळी असते. तिच्यावर रोज तेच तेच स्वर निघूं लागले, तेव्हां घरांतील वडील माणसें विचारूं लागलीं, “अरे, गाणें कधीं वाजवणार?” मुलगा ओशाळला. बोटांचे पाठ बाजूस ठेवून त्यानें एक कूचगीत बसविलें. घरानें कौतुक केलें. सुभेदारांनीं मात्र पहिल्याच ओळींत थांबविलें.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. बांसरीवादक फुंकर रोखून दोन स्वर वेगळे करतो; येथें बगलेंतील पिशवीचा वारा अखंड वाहतो, आणि सनईमागील सुराप्रमाणें तीन नळ्या षड्ज धरून असतात. स्वर मध्येंच तोडतां येत नाहीं. एकच स्वर दोनदां वाजवावयाचा तर बोट क्षणमात्र उचलून निसटता कण द्यावा लागतो. म्हणजे येथें कण हा केवळ अलंकार नव्हे, व्याकरणच होय. शिवाय दोन बोटें एकाच क्षणीं हललीं नाहींत तर मधून तिसराच स्वर डोकावतो.

म्हणून नवशिक्यानें नऊ स्वर संथपणें चढावे, उतरावे; मग स्वरांवर वरच्या हाताच्या तर्जनीचा कण घ्यावा, नंतर खालच्या तर्जनीचा, मग वरच्या अनामिकेचा. बोट चुकत असतां लय वाढवूं नये. गीतांतील जी जागा अडते तीच सुटी काढून घोटावी. लागलेली वाईट संवय मोडण्यास नव्यानें शिकण्याहून अधिक दिवस लागतात. आमच्या चिरंजीवांचे दोन महिने त्यांतच गेले.

एके सायंकाळीं ते कण ऐकून आमच्या मातुःश्री म्हणाल्या, “अरे, हे तर आमचे पलटेच!” त्या लहानपणीं गाणें शिकल्या होत्या. सारेग, रेगम घोटल्यावांचून राग गळ्यावर चढत नाहीं, हें ज्या घरास ठाऊक, त्यानेंच मुलास घाई करावी, याची आम्हां सर्वांस लाज वाटली. वाचकहो, एकत्र कुटुंबांत रियाज एकट्याचा नसतो. निम्मा ऐकणाऱ्यांच्या धीरानें होतो. आतां आमच्या घरीं तो प्रश्न कोणी विचारीत नाहीं. दिवेलागणीस नळी वाजूं लागली नाहीं, तर मात्र मातुःश्री विचारतात, “आज पाठ नाहीं का?”