विश्लेषण : नवऱ्याच्या चहात गुपचूप गोळी घालावी का? दारू सोडवणारी औषधे नेमकी काय करतात?

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याचे हिवरा आश्रम राज्याला माहीत आहे ते विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादासाठी आणि शुकदास महाराजांच्या रुग्णसेवेसाठी. या भागात दारू सोडण्याची रुळलेली वाट म्हणजे तुळशीची माळ घालणे किंवा देवापुढे शपथ घेणे. त्यातून अनेकांची सुटते, हे खरेच. ज्यांची सुटत नाही, त्यांच्या घरी मग दुसरी वाट शोधली जाते. चहातून, वरणातून ‘त्याला कळू न देता’ द्यायची गोळी! ती गोळी काय करते, तिच्याशिवाय दुसरी कोणती औषधे आहेत आणि ती कुणाच्या देखरेखीखाली घ्यायची, हे माहीत नसल्याने घरचे लोक जिवाशी खेळ करून बसतात.

माळ घातली, तरी हात का थरथरतात?

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. गुंगी असतानाही जागे राहता यावे म्हणून तो स्वतःला सतत उत्तेजित ठेवतो. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, उत्तेजना मात्र उरते. सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात. नसलेली माणसे, किडे दिसू लागतात, दिवस-रात्र कळेनासे होते. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते, पण ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो.

म्हणून जास्त पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी लागते. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांपैकी एक औषध ठरावीक मात्रेत देऊन ते काही दिवसांत उतरवत नेले जाते. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बहुधा इंजेक्शनने. गावाकडे अशक्त माणसाला ग्लुकोजचे सलाईन लावण्याची घाई असते. जुन्या मद्यपीच्या शरीरात थायमिन आधीच संपत आलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. सलाईन लावणाऱ्याला ‘हा रोज पितो’ एवढे एक वाक्य सांगितले, तरी हा धोका टळू शकतो. लाजेपोटी नेमके तेच सांगितले जात नाही.

दारू अचानक बंद झाली की काय होते, हे विदर्भाने करोनाकाळात पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर प्यायल्याने किमान सात जणांचा मृत्यू झाला. गावातल्या महिला मतदान करून बाटली आडवी करतात, तो त्यांचा हक्कच आहे. पण दुकान बंद होते त्या आठवड्यात आरोग्य केंद्रात ही औषधे आहेत का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

‘कळू न देता’ दिली जाणारी गोळी कोणती?

बहुतेक वेळा ती डायसल्फिराम असते. रबर उद्योगात वापरल्या जाणाऱ्या या रसायनाशी संपर्क आलेल्या कामगारांना दारू सोसत नाही, हे १९३७ मध्ये एका अमेरिकी कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवले होते. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तिचा मद्यपाशावर उपयोग जाहीर केला.

दारू शरीरात गेल्यावर तिचे आधी अॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग यकृत त्याचाही निचरा करते. डायसल्फिराम हा निचरा अडवते. त्यामुळे गोळी घेतलेल्याने घोटभर दारू प्यायली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर हे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत आणि बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

या औषधाचा सगळा उपयोग ‘मी प्यायलो तर त्रास होईल’ या जाणिवेत आहे. ज्याला गोळीच माहीत नाही, त्याला ही जाणीव कुठून असणार? तो नेहमीसारखा क्वार्टर घेतो आणि कोसळतो. दवाखान्यात नेल्यावर काय झाले हे त्याला सांगता येत नाही आणि घरचे घाबरून गप्प बसतात. ज्याने समजून-उमजून होकार दिला आहे आणि रोज सकाळी बायको किंवा आई समोर बसून गोळी देते, अशा रुग्णात मात्र हेच औषध चांगले काम करते. त्यानेही द्राक्षासव, अशोकारिष्टासारखी आसवे-अरिष्टे आणि अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधे टाळायची असतात. ती ‘टॉनिक’ म्हणून घरात पडलेली असतात आणि त्यांच्यातही अल्कोहोल असतेच.

ओढ कमी करणारे औषध आहे का?

आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. नाल्ट्रेक्सोन मेंदूतील अफूवर्गीय ग्राहकांना रोखून पिण्यातली मजा आणि ओढ कमी करते. अधूनमधून पिणे सुरू असतानाही ते देता येते. यकृताची तपासणी मात्र हवी. अकॅम्प्रोसेट दारू सुटल्यानंतरची अस्वस्थता शमवते. त्याचा भार यकृतावर नसतो, पण मूत्रपिंड ठीक लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ही दोन्ही औषधे मद्यपाशासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. यकृत खराब झालेल्यांना काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात. ते मात्र मनाने अचानक बंद करायचे नाही.

अफू, ट्रॅमाडॉल किंवा खोकल्याच्या औषधाचे व्यसन असेल तर?

इथे औषधांचे गणित बदलते. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी त्याच ग्राहकांना चिकटते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे तलफ शमते आणि नशा फारशी चढत नाही. ‘एक नशा काढून दुसरी लावली’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो तेव्हा असे कुणी म्हणत नाही. ही गोळी अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. ती व्यसनमुक्ती केंद्रे आणि रुग्णालयांतून दिली जाते. दारूसाठी आणलेले नाल्ट्रेक्सोन ट्रॅमाडॉल घेणाऱ्याला दिले, तर काही वेळातच तीव्र त्रास सुरू होतो. आधी आठवडा-दहा दिवस अफूवर्गीय काहीही घेतलेले नसावे लागते. त्यामुळे डॉक्टरांपुढे सगळी व्यसने सांगावी लागतात, फक्त दारू नाही.

हिवरा आश्रमहून जायचे कुठे?

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. मेहकर तालुक्यातून नागपूर समृद्धी महामार्गाने गेले तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याआधीचे टप्पे म्हणजे बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पुण्याच्या मुक्तांगणचे नाव सर्वांना ठाऊक आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राने समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग यांना उपचारात मध्यवर्ती स्थान दिले. पण एकरभर सोयाबीन असलेल्या घराने काढणीच्या तोंडावर माणूस पुण्याला कसा पाठवायचा?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यपाशात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. वरची बहुतेक औषधे नवी नाहीत. ती लिहून देणारा तालुक्याला नाही, हा खरा अडथळा आहे. ही पोकळी भरतात ते नोंदणी नसलेली ‘केंद्रे’ आणि कळू न देता औषध देण्याच्या जाहिराती. मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्यानुसार केंद्राची नोंदणी आवश्यक आहे, उपचारांना रुग्णाची संमती लागते आणि त्याला साखळीने बांधणे निषिद्ध आहे.

गोळी किती दिवस घ्यायची?

साधारण सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त. मध्येच कुणी पुन्हा प्यायले तर ‘औषधाचा उपयोग नाही’ म्हणून उपचार सोडले जातात. अशा वेळी डॉक्टर औषध किंवा मात्रा बदलतात. भीती वाटून घरीच बसण्यापेक्षा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करता येतो. दोन्ही निःशुल्क आहेत आणि टेली-मानसवर मराठीतून बोलता येते. पिणारा तयार नसेल, तर त्याच्या घरच्यांनीही तो करावा. थरथर, फिट किंवा भ्रम सुरू झाला असेल, तर मात्र फोनवर सल्ला घेत न बसता १०८ची रुग्णवाहिका बोलवायची.