बाळाचे वजन घेतले, आईचे काय?

आशा सेविकांचा नियमित कामांचा मोबदला दरमहा २,००० वरून ३,५०० रुपये केल्याचे लोकसभेत सांगून केंद्राने स्वतःची पाठ थोपटून घेतली. वाढ रास्तच, तीही उशिराच. पण ज्या कामासाठी आशाताई बाळंतिणीच्या दारात जाते, ते काम जिथल्या तिथेच आहे. प्रसूती दवाखान्यात झाली, तर ४२ दिवसांत सहा भेटी. भेटीच्या तक्त्यात बाळाचे वजन, ताप, डोळे, कातडीवरचे फोड; आईचे जेवण, रक्तस्राव, स्तनांच्या तक्रारी. आणि तिचे मन? ‘असंबद्ध बोलते का, झटके येतात का?’ म्हणजे बाई पार कोलमडेपर्यंत सरकारदप्तरी ठणठणीत!

मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींच्या नैराश्यावरचा गोव्यातला अभ्यास २००२ मध्येच प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के आया नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांनी हा धोका वाढत होता. अशा आयांची बाळे सहाव्या महिन्यात वजनात आणि उंचीत मागे पडलेली दिसली. कुपोषणावर बैठकांमागून बैठका घेणाऱ्यांनी हे वाचलेच नाही काय?

हे नैराश्य वेळीच ओळखायचे, तर परिचारिका (एएनएम) आणि आशांना आई-बाळाचे नाते पाहायला शिकवा, एवढेच मागणे आहे. पाजताना आई बाळाकडे पाहते की भिंतीकडे? ते रडले की उचलते, की ऐकूनही बसून राहते? त्याच्याशी बोलते का? सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ माणसाकडे पाहून हसू लागते. नेमक्या त्याच वेळी, ४२व्या दिवशी, आशाताईच्या या भेटी संपतात; पुढची थेट तिसऱ्या महिन्यात!

हे पाहणे सभागृहात चहा-बिस्किटे, हजेरीपट आणि फोटोंत शिकवता येत नाही. अनुभवी नर्सबाईबरोबर घरोघर बसावे लागते, पुन्हा पुन्हा. नाहीतर अॅपमध्ये आणखी एक रकाना वाढेल आणि ‘नाते चांगले’ वर टिचकी मारून सगळे मोकळे होतील. किंवा त्याहून वाईट, सासूसमोर कुणावर तरी ‘वाईट आई’ असा शिक्का बसेल. खेड्यातल्या बायकांना हे झेपेल का, ही शंका तर काढूच नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजातांवर उपचार शिकवले आणि मृत्यू निम्म्याहून खाली आले, हे १९९९ मध्येच छापून आले आहे.

आणि आशाताईने आईचे नैराश्य ओळखलेच, तर बाईला पाठवायचे कुठे? बहुतेक तालुक्यांत मानसोपचारतज्ज्ञ नाही. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे म्हणे. तो लावायचा कुणाच्या फोनवरून? सासूच्या?