सायकलवरच्या बधिरपणाची ‘सवय’ लावून घेऊ नका!

“डॉक्टर, तासभर सायकल चालवली की खालचा भाग बधिर होतो. ग्रुपमधले म्हणतात, नवीन आहेस, होईल सवय.”

ही तक्रार मी वारंवार ऐकतो, तीही बहुधा दुसऱ्याच दुखण्यासाठी आलेला पेशंट उठता उठता सांगतो. म्हणून आज स्पष्टच लिहितो. हा सल्ला चुकीचा आहे. बधिरपणा म्हणजे नस दबत असल्याची खूण.

खुर्चीत ताठ बसून नितंबांखाली तळहात ठेवा. दोन हाडे टोचतील. बसताना वजन त्यांनीच पेलायचे असते. त्यांच्या मधल्या मऊ भागात जननेंद्रियाला संवेदना देणारी प्युडेंडल नस आणि रक्तवाहिन्या असतात. हँडल फार खाली किंवा लांब असले की पेल्व्हिस, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा सांगाडा, पुढे कलतो आणि वजन या मऊ भागावर येते. ते टाळायला नुसती पाठ वाकवली, तर कंबर धरते.

मग लोक जाड जेलचे कव्हर आणतात! हा उपाय अनेकदा उलटाच पडतो. हाडे जेलमध्ये रुततात आणि मधला फुगवटा नेमका नसेवर दाबतो.

खर्च करण्याआधी हे करून पाहा :

- भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा.
- चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सीट उंच आहे.
- सीट जमिनीला समांतर ठेवा. पुढचे टोक वर नको.
- हँडल थोडे वर आणि जवळ घ्या.
- दर दहा मिनिटांनी क्षणभर पेडलवर उभे राहा.

तरीही त्रास राहिला, तर त्या दोन हाडांना पुरेल एवढी रुंद, मध्ये खाच असलेली सीट घ्या. स्त्रियांमध्ये हाडांतले अंतर सहसा जास्त असते. घरातल्या पुरुषाची सीट त्यांना चालेलच असे नाही.

उतरल्यावरही बधिरपणा टिकला किंवा लैंगिक अडचण जाणवली, तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवा. सोबत लघवी अडली किंवा पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे मणक्यातल्या नसा दबल्याची शंका घ्यावी लागते.

सायकल सोडा असे मी म्हणत नाही. मधुमेहाच्या कितीतरी पेशंटना मीच ती सुचवतो. व्यायामात दम लागू दे, घाम येऊ दे. बधिरपणा मात्र सोसू नका, आणि सांगायला लाजूही नका.