ताठ कण्याचा संसार

दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस म्हणजे मराठी घरातल्या पाठीची वार्षिक परीक्षा. माळ्यावरची पितळी भांडी खाली यायची, गाद्या गच्चीवर जायच्या, पलंगाखालच्या ट्रंका ओढून काढायच्या आणि मग चकल्या-अनारशांसाठी तासन् तास ओट्यापाशी उभे राहावयाचे. लक्ष्मीपूजनापर्यंत गृहिणी एक हात कमरेवर ठेवूनच घरात वावरू लागते. यजमानांची तऱ्हा निराळी. ते सातपूरला किंवा अंबडला दिवसभर संगणकापुढे मान काढून बसतात, घरी येऊन तीच मान मोबाइलवर झुकवतात आणि रविवारी एकदम उत्साह येऊन कपाट सरकवावयास धावतात. सोमवारी शेकाची पिशवी एक आणि मागणारे दोघे, असा प्रसंग उभा राहतो.

अशा घरांत हल्ली एक नवा शब्द शिरला आहे: पिलाटीज. काहींना ते श्रीमंतांचे खूळ वाटते. दुसरे काही ‘छे, हे सारे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच,’ असे म्हणतात आणि आरामखुर्चीत पुन्हा पसरतात. दोन्ही मते घटकाभर बाजूला ठेवून मूळ गोष्ट काय आहे ते पाहू.

पिलाटीज हे एका माणसाचे आडनाव. योसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी दमा, मुडदूस आणि सांधेज्वर यांनी त्यांना गाठले होते. त्या हट्टानेच ते व्यायामाकडे वळले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडात होते. जर्मन म्हणून त्यांची रवानगी स्थानबद्धांच्या छावणीत झाली. तेथे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यांनी खाटांना स्प्रिंगा बांधून व्यायामाची सोय केली, असे सांगतात. १९२६ साली ते न्यूयॉर्कला गेले, पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी व्यायामशाळा काढली आणि नामांकित नर्तकही दुखरे पाय घेऊन तिच्या पायऱ्या चढू लागले. १९६७ साली ते वारले. आपल्या पद्धतीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नव्हते. ते तिला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे ताब्याचे शास्त्र. त्यांच्यामागे, १९८० साली, फिलिप फ्रीडमन आणि गेल आयझेन यांनी एका पुस्तकात या पद्धतीची सहा सूत्रे मांडली: एकाग्रता, ताबा, केंद्र, ओघ, नेमकेपणा आणि श्वास.

आता नाशिककरांनी थोडे आपल्या जिल्ह्याकडे वळावे. निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातले मल्लविद्येचे आचार्य. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन अवाढव्य पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले, अशी कथा आहे. ते आव्हान बाळंभटांनी स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागितली आणि ते वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिले. तेथे झाडांवर खेळणाऱ्या वानरांच्या हालचालींतून त्यांना मल्लखांबाची युक्ती सापडली, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी गुलाबला चीत केले आणि अलीने माघार घेतली. कथेतला भक्तिभाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मल्लखांबाला नवे जीवन देणारे म्हणून बाळंभटदादांचे नाव मात्र सर्वत्र घेतले जाते.

गंमत अशी की, पिलाटीज यांनी छावणीतल्या मांजरांचे आळोखेपिळोखे न्याहाळले, अशीही एक आख्यायिका आहे. एकाने वानरे पाहिली, दुसऱ्याने मांजरे! एवढ्यावरून एकाची विद्या दुसऱ्याने उचलली असे म्हणणे हा शुद्ध गावगप्पांचा प्रकार होईल. दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. साम्य आहे ते अडचणीचे. एकापुढे आपल्यापेक्षा दुप्पट अंगाचा प्रतिस्पर्धी होता, दुसऱ्यापुढे स्वतःचे दुबळे शरीर. नुसत्या जोराने दोघांचेही भागणार नव्हते. म्हणून दोघांनीही जोर कोठून निघतो आणि कोठे वाया जातो याचा हिशेब मांडला.

तो हिशेब आपल्या घरात कसा मांडावा? प्रथम केंद्र घ्या. पोटाच्या आतल्या थरात एक स्नायू कमरपट्ट्यासारखा पुढून मागपर्यंत वेढलेला असतो. ओझे उचलण्यापूर्वी पोट हलकेच आत घेतले की तो पट्टा आवळला जातो आणि कण्याला आधार मिळतो. दुसरे म्हणजे ओझे अंगाजवळ असावे. पाण्याने भरलेली बादली हात लांब करून उचलली, तर तिचे वजन वाढत नाही. पण तरफेच्या नियमाने पाठीच्या स्नायूंना तिच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. तीच बादली गुडघे वाकवून पायांजवळ घेतली की निम्मे काम मांड्या करतात.

श्वासाचे सूत्र शिकावयाचे तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. जो बोलत, धापा टाकत, मधेच श्वास रोखत चढतो, तो अर्ध्या वाटेवर कठडा शोधतो. जो पायऱ्यांच्या तालावर श्वास घेतो आणि सोडतो, तो वर पोचल्यावर लेणी पाहू शकतो. जड वस्तू उचलतानाही हाच नियम: जोर लावताना श्वास सोडावा. दम कोंडून ओझे उचलले की रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना तो विकार आहे त्यांनी तर हे विशेष सांभाळावे.

नेमकेपणा पाहावयाचा असेल तर खिशातली नोट काढा. नाशिक रोडच्या मुद्रणालयाशी या शहराचा संबंध १९२० च्या दशकापासूनचा आहे. नोट उजेडासमोर धरली की पुढच्या आणि मागच्या बाजूचे अर्धे अर्धे नक्षीकाम जुळून पूर्ण आकडा दिसतो. केसभर सरकले तर तो आकडा जुळणार नाही. व्यायामातही पन्नास वेळा वेडेवाकडे वाकण्यापेक्षा पाच वेळा नीट वाकलेले बरे, हा पिलाटीज यांचा आग्रह होता. कचेरीत चार पत्रे घाईने खरडून तीन परत लिहिणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगावयास नको.

ताबा, एकाग्रता आणि ओघ ही तीन सूत्रे मल्लखांबावर एकत्र भेटतात. एरंडेल चोळलेला लाकडी खांब, त्यावर नुसत्या मांड्यांच्या अढीने तोललेला देह. तेथे लक्ष उडाले की घसरलाच. एक पकड सुटण्यापूर्वी दुसरी तयार असावी लागते. मधे हिसका नाही. यशवंत व्यायामशाळेसारख्या नाशिकच्या जुन्या संस्थांनी ही तालीम पिढ्यान् पिढ्या जपली आहे, आणि आज मुलीही दोरीवर व खांबावर तेवढ्याच डौलाने खेळतात. आपल्याला खांबावर चढावयाचे नाही. पण फोन खांद्यात दाबून, एका हाताने कढई ढवळत, पायाने दार लोटणाऱ्या माणसाने एका वेळी एक काम करून पाहिले, तरी मान पुष्कळ सुटेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पिलाटीज ही जादू नाही. कंबरदुखीवर तिचा कितपत उपयोग होतो, याचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. जवळजवळ काहीच न करण्यापेक्षा ती बरी, पण इतर व्यायामांहून ती सरस असल्याचे ठामपणे म्हणता येत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. म्हणजे ज्याला परवडेल त्याने वर्गाला जावे. ज्याला परवडत नाही त्याने हळहळू नये. सूर्यनमस्कार, पोहणे, गोदाकाठचे चालणे, काहीही चालेल. रोज मात्र झाले पाहिजे. पायात मुंग्या येत असतील, बळ कमी वाटत असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कंबर दुखते तेव्हा पुष्कळदा दोष कमरेचा नसतो. पोट आणि मांड्या आपला वाटा उचलीत नाहीत, म्हणून सारा भार तिच्यावर पडतो. घराचेही तसेच नव्हे काय? घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. टाकीचे लोखंड धरले तर वजन तीस किलोच्या घरात जाते. ते दारापासून ओट्यापर्यंत कोण ओढते? गाद्या कोण वाहते? फराळाचे डबे वरच्या फळीवर कोण चढवते? बहुतेक घरांत या साऱ्या प्रश्नांचे उत्तर एकच असते, आणि तिने दुखल्याची तक्रार केली की तिला मलम आणून दिले जाते. तिला पोट आत घ्यावयास आणि श्वास सोडावयास शिकवणे चांगलेच. पण भार एकटीवरच ठेवून तिला तोल शिकवणे हा कोडगेपणा झाला.

तेव्हा यंदा सहा सूत्रांतले एक घराने मिळून उचलावे. घरातली सर्वांत जड पाच कामे कागदावर लिहावीत, समोर आज ती कोण करते त्याचे नाव घालावे. एकच नाव पाच वेळा आले, तर तीन खोडून तेथे दुसरी नावे लिहावीत. मुलगे कॉलेजात जात असतील तर त्यांची नावे आधी. हा कागद पाडव्याच्या ओवाळणीत घातला तर तबकातल्या नोटेपेक्षा तो अधिक दिवस उपयोगी पडेल.