ताप उतरला, तरी हृदयावरचा धोका लगेच टळत नाही

व्हायरल तापाचे चार-पाच दिवस गेले, खोकला कमी झाला की माणूस शेतात किंवा कामावर परततो. आजार संपला, असे घरचेही धरून चालतात. प्रत्यक्षात श्वसनमार्गाचा संसर्ग फक्त फुप्फुसापुरता राहत नाही. त्याचा परिणाम रक्तवाहिन्या आणि हृदयावरही होतो. नायगावहून नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयापर्यंतचे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. त्यामुळे ही गोष्ट इथल्या माणसाला वेळेत कळणे जास्त गरजेचे आहे.

धोका किती आणि केव्हा?

कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा एक अभ्यास जानेवारी २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. चाचणीत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका, त्याच रुग्णांच्या इतर काळाच्या तुलनेत, सुमारे सहापट आढळला. यातले बहुतेक रुग्ण ६५ वर्षांपुढचे होते. स्वीडनमध्ये ८६ हजारांहून अधिक कोविड रुग्णांच्या अभ्यासातही पहिल्या आठवड्यात झटका आणि पक्षाघात या दोन्हींचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला.

सहापट म्हणजे तापाच्या प्रत्येक रुग्णाला झटका येणार, असे नाही. निरोगी तरुणाचा मूळ धोकाच अगदी कमी असतो. पण बीपी, शुगर, तंबाखू किंवा आधीची अँजिओप्लास्टी असेल, तर मूळ आकडाच मोठा असतो आणि तोच पटीत वाढतो.

शरीरात नेमके काय घडते?

विषाणूशी लढताना शरीरात सर्वत्र दाह वाढतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते. तिथे वर्षानुवर्षे साचलेला चरबीचा थर फुटू शकतो. त्याच काळात रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. फुटलेल्या थरावर गुठळी धरली की वाहिनी बंद पडते.

दुसरा मार्ग शेतकऱ्याला सहज कळेल असा आहे. व्होल्टेज कमी असताना पंपावर पूर्ण लोड टाकला, तर मोटर तापते. तापात नाडी जलद चालते, म्हणजे हृदयाचे काम वाढते. फुप्फुस बिघडले तर ऑक्सिजन मात्र कमी मिळतो. काही रुग्णांत हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. याला मायोकार्डायटिस म्हणतात आणि तो तरुणांनाही होतो.

लस की आजार?

तरुणांच्या अचानक मृत्यूंमागे कोविडची लस आहे, असे मेसेज अजूनही फिरतात. आयसीएमआरने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातील अशा मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अति मद्यपान आणि जोरकस श्रम यांचा मात्र संबंध दिसला.

घरी काय करावे?

• छातीत दाब, धाप, थंड घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर 'गॅस झालाय' म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा, ईसीजी काढावा.
• बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या तापात मनाने बंद करू नयेत.
• मेडिकलवरून अंगदुखीच्या 'मिक्स' गोळ्या घेऊ नयेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधे हृदयरुग्णाला धोक्याची ठरू शकतात.
• अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईनचा हट्ट धरू नये. हृदय कमजोर असेल तर जादा पाणी फुप्फुसात साचते.
• पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी ताप उतरल्याबरोबर धावायला जाऊ नये. धडधड किंवा धाप असेल तर आधी तपासणी करावी.

यंत्रणेने काय करावे?

झटका आलेल्या रुग्णांना लगेच फ्लूची लस देऊन केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांचे एकत्रित प्रमाण लस घेतलेल्यांत ५.३ टक्के, तर न घेतलेल्यांत ७.२ टक्के होते. एका इंजेक्शनचा हा फायदा लहान नाही.

तरीही फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. राज्याने गरोदर माता, बीपी आणि शुगरचे रुग्ण अशा अतिजोखमीच्या गटांसाठी मोफत लस ठेवली, पण ती ऐच्छिक. जी लस मागितल्यावरच मिळते, ती माहीत नसलेल्याला मिळत नाही. नरसी, कुंटूर, बरबडा, मांजरमच्या बीपी-शुगरच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या देतानाच पावसाळ्यापूर्वी या लसीबद्दल सांगायला हवे. अँजिओप्लास्टी झालेल्या प्रत्येकाला ती मिळायला हवी. आणि ताप व छातीदुखी एकत्र घेऊन आलेल्या रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत तालुक्यातच निघायला हवा, तो नांदेडच्या तज्ज्ञाला मोबाइलवर दिसायला हवा. ५० किलोमीटरचा रस्ता कमी होणार नाही. निदानाला लागणारा वेळ मात्र कमी करता येतो.