मृत्यूनंतर शरीर गोठवून ठेवायचं? सही करण्याआधी समजून घ्या या 5 गोष्टी

ऑक्टोबर 2016. लंडनच्या हायकोर्टासमोर 14 वर्षांच्या एका मुलीचा अर्ज होता. तिला कॅन्सर होता आणि फार दिवस उरले नव्हते. मृत्यूनंतर आपलं शरीर गोठवून ठेवावं, म्हणजे पुढे कधीतरी उपचार सापडले तर आपल्याला परत जगता येईल, अशी तिची इच्छा होती. आई तयार होती. अनेक वर्षं मुलीच्या संपर्कात नसलेल्या वडिलांचा विरोध होता. 200 वर्षांनी ती जागी झालीच, तर एकही नातेवाईक नसलेल्या जगात, तेही अमेरिकेत, तिने काय करायचं, असा त्यांचा प्रश्न होता.

कोर्टाने निर्णयाचा हक्क आईला दिला. त्याच महिन्यात मुलगी गेली आणि तिचं शरीर अमेरिकेत नेण्यात आलं.

या प्रकाराला 'क्रायोनिक्स' म्हणतात. 'अमर होण्याचं तंत्रज्ञान' म्हणून त्याचे रील्स अधूनमधून फिरतात. पण प्रत्यक्ष नाव नोंदवायचं म्हटलं तर काय काय करावं लागतं?

1. नेमकं करतात काय?

कायद्याने मृत्यू जाहीर झाल्याशिवाय काहीच करता येत नाही. तो जाहीर झाला की टीम लगेच शरीर थंड करायला घेते. रक्त काढून त्याजागी बर्फाचे स्फटिक होऊ न देणारी रसायनं सोडतात. मग शरीर उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलं जातं. टाक्यांना वीज लागत नाही, मात्र नायट्रोजन सतत भरत राहावा लागतो.

असं गोठवलेला पहिला माणूस म्हणजे कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड, 12 जानेवारी 1967 रोजी. त्यांचं शरीर आजही ॲरिझोनातल्या 'अल्कोर' या संस्थेत आहे.

2. यातून कुणी परत आलंय का?

नाही. आजवर एकही माणूस नाही, आणि कसं आणायचं हेही कुणाला माहीत नाही.

"आयव्हीएफमध्ये भ्रूण गोठवतात, मग माणूस का नाही?" असं विचारलं जातं. भ्रूण गोठवतात तेव्हा त्यात फार तर शे-दोनशे पेशी असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत आणि आठवणी त्यांच्या आपसातल्या जोडण्यांमध्ये असतात. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदराची किडनी 100 दिवसांपर्यंत गोठवून पुन्हा यशस्वीपणे बसवली. ही मोठी गोष्ट आहे. पण उंदराच्या किडनीपासून माणसाच्या मेंदूपर्यंतचं अंतर प्रचंड आहे.

3. खर्च किती?

अल्कोरमध्ये संपूर्ण शरीरासाठी अलीकडच्या वर्षांत सुमारे 2 लाख 20 हजार डॉलर, म्हणजे पावणेदोन-दोन कोटी रुपये लागतात. फक्त मेंदू जतन करायचा तर 80 हजार डॉलर. मिशिगनमधली 'क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट' 28 हजार डॉलर घेते, पण मरणाच्या वेळी हजर राहणारी टीम आणि वाहतूक यांचा खर्च त्यात धरलेला नाही. जाहिरातीतला स्वस्त आकडा बघताना हेच निसटतं.

बहुतेक लोक आयुर्विमा काढून त्याची रक्कम संस्थेच्या नावे करतात. तरुणपणी हप्ता कमी बसतो. पण आजार कळल्यानंतर विमा मिळणं अवघड, आणि मुदतीचा विमा असेल तर मुदत संपल्यावर पैसे कुठून आणणार, याचं उत्तर आधीच हवं.

4. वेळेवर टीम पोहोचेल का?

रक्तपुरवठा थांबला की मेंदूचं नुकसान काही मिनिटांतच सुरू होतं. म्हणून लांबच्या गावी मृत्यू झाला, अपघात झाला किंवा झोपेत गेलात, तर तास, कधी दिवसही वाया जातात. संशयास्पद मृत्यू असेल तर शवविच्छेदन टळत नाही. भारतात राहणाऱ्याला तर शरीर परदेशी न्यायचं म्हणजे कागदपत्रं आणि विमान प्रवास आलाच.

मग आधीच गोठवून घेतलं तर? मेंदूत ट्यूमर असलेल्या कॅलिफोर्नियातल्या एका गणितज्ञाने हीच परवानगी मागितली होती. 1992 मध्ये कोर्टाने ती नाकारली. कारण कायद्याच्या नजरेत तो जीव घेण्याचाच प्रकार ठरतो. अल्झायमर झालेल्यांसाठी ही अडचण जास्त मोठी आहे. ज्या आठवणी वाचवायच्या, त्याच मृत्यूच्या आधी पुसल्या गेलेल्या असतात.

5. घरच्यांचं काय?

सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका सभासदाच्या भावंडांनी 2009 मध्ये त्याला परस्पर दफन केलं. अल्कोर कोर्टात गेली आणि 2010 मध्ये अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. तोवर तो माणूस वर्षभर जमिनीखाली होता. जिंकूनही हाती काय आलं?

घरच्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ना अंत्यसंस्कार, ना दिवसकार्य. माणूस गेला म्हणायचं की 'ठेवलाय' म्हणायचं? शिवाय मुलांना वाटा मिळेल असे पैसे टाकीत गेलेले असतात.

आणि संस्था बुडाली तर? कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थमध्ये हे घडलंय. नातेवाईकांकडून पैसे येणं थांबलं, नायट्रोजन भरणं थांबलं, आणि 1979 मध्ये तळघरातले 9 मृतदेह सडल्याचं उघड झालं. घरच्यांना बराच काळ याचा पत्ताच नव्हता. म्हणूनच आज संस्था सगळी रक्कम आधी घेतात आणि काहींनी देखभालीसाठी वेगळा ट्रस्ट केला आहे.

मग सही करायची की नाही?

ते ज्याचं त्याने ठरवावं. पण त्याआधी या प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. टीम आणि वाहतुकीचा खर्च रकमेत धरलाय का? देखभालीचा पैसा कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याचं ऑडिट होतं का? टीम पोहोचलीच नाही तर पैसे परत मिळतात का? संस्था बंद पडली तर शरीर कुठे जाणार?

आणि अंत्यसंस्कार ज्यांच्या हातात असणार आहेत, त्या माणसांना आज समोर बसवून सांगा. त्यांचा होकार नसेल, तर सही केलेला करार त्या दिवशी कपाटातच राहण्याची शक्यता जास्त.